न्यायालयीन रहस्यनाट्य, मराठी

खटल्याच्या कामकाजातून घराघरांत दडपलेले सत्य क्रमाक्रमाने उघड करणारा नाट्यप्रकार. साक्ष, उलटतपासणी व निकाल या ठरीव क्रमामुळे त्यास आयती उत्कंठा लाभते; मात्र गौप्यस्फोट झाला म्हणजे न्याय झाला, असा भास निर्माण होण्याचा धोकाही त्याच सोयीत असतो.

प्र. के. अत्रे यांचे तो मी नव्हेच (१९६२) प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणावर आधारलेले आहे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे निरनिराळी नावे धारण करून कुटुंबांना फसवितो व न्यायालयात सर्व काही नाकारतो. साक्षीदाराचे निवेदन फिरत्या रंगमंचामुळे पाहता पाहता गतकाळात शिरते. आरोपी कोण, हे प्रेक्षकास ठाऊकच असते. तो निसटतो कसा, ही खरी उत्कंठा. प्रभाकर पणशीकरांच्या पाच रूपांनी ती वाढविली. परंतु फसलेल्यांच्या दुःखापेक्षा फसविणाऱ्याचे चातुर्यच अधिक लक्षात राहते, हे या नाटकाचे वैगुण्य होय.

विजय तेंडुलकर यांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या नाटकात खटला लुटुपुटीचा आहे. खेळातील खटला जिवावर बेतण्याची कल्पना फ्रीड्रिख ड्यूरेनमाट यांच्या १९५६ च्या एका कथेतही आढळते. तेंडुलकरांनी मात्र तिला मध्यमवर्गीय मराठी घराचे अस्तर लावले आहे. हौशी नटमंडळी वेळ घालविण्यासाठी लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. सामंत हा भाबडा खेडूत बाजारू कादंबरीतून उसनी साक्ष देतो आणि नेमकी तीच खऱ्या गुपिताच्या जवळ जाते. रहस्यकथेवरील इतके मार्मिक भाष्य मराठीत विरळाच. मामाने कोवळ्या वयात केलेला विश्वासघात, आईने घेतलेली विरोधी बाजू व विवाहित प्राध्यापकापासून राहिलेला गर्भ ही गुपिते बाहेर पडतात. न्यायाधीश झालेल्या काशीकरांचे निपुत्रिक घर व सुखात्मे यांची न चालणारी वकिली यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. गर्भ नष्ट करण्याचा निकाल दिला जातो. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत चालू असताना इतर पात्रे निश्चल असतात. म्हणजे आरोपीचे म्हणणे या न्यायालयाच्या कानी पडतच नाही.

अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने सादर केलेल्या प्रयोगात सुलभा देशपांडे यांनी बेणारेची भूमिका केली. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट काढला.