पुरी तळून झाली, पुढचं गणित कुठाय?

गेल्या विज्ञान दिनाला माझ्या मामेबहिणीच्या शाळेत 'मिशन मंगल' दाखवला. ती नववीत आहे. रात्री तिचा फोन आला. "ताई, कसला भारी आहे! शेवटी तर रडूच आलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मी तशी हुशार नाहीये गं. मला असं एकदम काही सुचत नाही."

मुलींना विज्ञान-गणिताची गोडी लागावी म्हणून दाखवलेला सिनेमा, आणि पोरगी त्यातून काय घेऊन घरी आली, तर आपल्याला सुचत नाही! मला आधी वाटलं, हिचाच काहीतरी गोंधळ होतोय. म्हणून मी तो परत पाहिला. गोंधळ तिचा नाहीये. तिला सिनेमा अगदी बरोबर कळलाय.

'मिशन मंगल' १५ ऑगस्ट २०१९ला आला तेव्हा मी आईबरोबर थिएटरात पाहिला होता. विद्या बालनची तारा शिंदे गॅस बंद करते, तापलेल्या तेलातच पुऱ्या तळते, आणि कमी इंधनात मंगळावर जायची युक्ती तिला सापडते. आईने मला कोपराने ढोसलं होतं, "बघ!" त्या सीनवर बरीच टीका झाली, की शास्त्रज्ञ बाईलाही शेवटी स्वयंपाकघरातच नेऊन उभं केलं. माझी तक्रार ती नाही. तापलेलं तेल, उरलेली उष्णता, हे शास्त्रच आहे, आणि ते माझ्या आईला कुणी शिकवावं लागलेलं नाही. माझी तक्रार पुरीनंतरच्या सीनची आहे. म्हणजे जो सीन नाहीच, त्याची. पुरीपासून यानापर्यंत जाताना मधे जे गणित लागतं, ते गाळून सिनेमा थेट टाळ्यांवर पोचतो.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. ५ नोव्हेंबर २०१३ला पीएसएलव्हीने यान सोडलं. या रॉकेटमध्ये यानाला थेट मंगळाकडे धाडण्याइतका दम नव्हता. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरवत ठेवलं, आणि दर वेळी ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो पुढच्या खेपेला जास्त उंच जातो, साधारण तसं. ११ नोव्हेंबरचा धक्का फसला. कक्षेचं लांबचं टोक एक लाख किलोमीटरच्या आसपास जायला हवं होतं, ते ७८ हजारांवरच अडकलं. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, एक जादा धक्का देऊन ती कसर भरून काढली. १ डिसेंबरला यान मंगळाच्या वाटेला लागलं. मग मोठं इंजिन जवळपास तीनशे दिवस बंद. २२ सप्टेंबर २०१४ला ते फक्त चार सेकंद चालवून पाहिलं, चालतंय ना म्हणून. दोन दिवसांनी यान मंगळाच्या कक्षेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आणि मला यातली सगळ्यात थरारक तारीख १२ नोव्हेंबर वाटते. काल फसलं, आज आकडे पुन्हा मांडले, पुन्हा केलं. माझं निम्मं आयुष्य असंच जातं (यान नसतं, पेमेंटचं पान असतं, तो भाग वेगळा). सिनेमात संकटं आहेत, पण ती पार्श्वसंगीतासकट येतात आणि कुणाच्या तरी डोक्यात दिवा पेटला की सुटतात.

हा दोष फक्त आपल्याकडचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. 'हिडन फिगर्स' (२०१६) हा कितीतरी सरस सिनेमा. नासातल्या कृष्णवर्णीय गणिती बायकांची गोष्ट, मार्गो ली शेटर्लीच्या पुस्तकावर बेतलेली. १९६२मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायच्या आधी कॉम्प्युटरने काढलेले आकडे कॅथरीन जॉन्सनने हाताने तपासावेत असा आग्रह धरतो, ही खरी घटना. सिनेमात हे उड्डाणाच्या दिवशी, अगदी ऐनवेळी घडतं. ती भराभर आकडे मांडते आणि धावत सुटते. प्रत्यक्षात ते उड्डाणाच्या काही दिवस आधी झालं, आणि टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर तिला त्याला दीड दिवस लागला. दीड दिवस! एक बाई एकेक आकडा पाडत बसली आहे. हा दीड दिवस पडद्यावर कसा दाखवायचा, हाच खरं तर दिग्दर्शकापुढचा प्रश्न होता. त्याने तो सोडवला नाही, टाळला.

त्याच सिनेमात केविन कॉस्टनरचा बॉस वेगळ्या संडासाची पाटी ठोकून पाडतो. बॉस काल्पनिक, प्रसंगही काल्पनिक. पुस्तकात एक खरी पाटी आहे, कॅन्टीनमधल्या वेगळ्या टेबलावरची. मिरियम मॅन नावाची गणिती ती उचलून पर्समध्ये टाकायची. नवी पाटी यायची. ती पुन्हा उचलायची. शेवटी पाटी यायची थांबली. हा प्रसंग सिनेमाला नको झाला, कारण त्यात एकच मोठा क्षण नाही. नुसतं पुन्हा-पुन्हा आहे.

सिनेमाला पुन्हा-पुन्हा दाखवता येत नाही असं म्हणाल, तर 'दंगल' आठवा. पहाटे उठणं, धावणं, आखाड्यातली माती, आपटणं, परत उठणं. 'चक दे! इंडिया'तही तेच. खेळणाऱ्या मुलीला सराव करायची मुभा आहे, हरायचीही आहे. गणित करणाऱ्या मुलीने मात्र जन्मतःच 'शकुंतला देवी' असावं लागतं. म्हणून 'दंगल' बघून मुली पळायला जातात, आणि 'मिशन मंगल' बघून माझी बहीण म्हणते, मला सुचत नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्रीमध्ये मला १०० पैकी २८ पडले. माझ्या ग्रुपमधली चार मुलंही नापास होती. ती चहाच्या टपरीवर "केटी लागली यार" म्हणत हसत होती. मी होस्टेलवर येऊन बॅग भरली. त्यांच्यासाठी तो एक पेपर होता, माझ्यासाठी निकाल. लहानपणापासून मला सगळ्यांनी "हुशार" म्हटलं होतं, आणि हुशार मुलीला २८ पडत नाहीत. रूममेटने बॅग उपसून कपडे परत कपाटात कोंबले आणि म्हणाली, लाप्लासची पन्नास गणितं सोडव, मग जा घरी. घरी जायची वेळ आली नाही. पण ती खोलीत नसती तर?

आपल्याकडे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितात पदवी घेणाऱ्यांत मुली ४० टक्क्यांहून जास्त आहेत. प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत पाचातली एकही बाई नाही. दारातून आत यायला सांगणारे सिनेमे झाले. आत आल्यावर जी लांबलचक, कंटाळवाणी, चुकांनी भरलेली वर्षं असतात, त्यांचा सिनेमा कुणी काढलेला मला माहीत नाही. उद्या कमला सोहोनींवर निघाला, तर १९३३ साली सी. व्ही. रामन त्यांना प्रवेश नाकारतात तो सीन नक्की असेल, डायलॉगसकट. मला त्यापुढचं वर्ष बघायचंय. रामन यांनी त्यांना वर्षभर अटीवर घेतलं होतं. त्या वर्षात त्या सकाळी प्रयोगशाळेत येऊन काय करत होत्या, किती प्रयोग फुकट गेले, आपल्या एका चुकीवर पुढच्या सगळ्या मुलींचं दार बंद होईल हे माहीत असताना चूक झाली की त्यांना कसं वाटायचं?

बहिणीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिने फोन ठेवून दिला असता. एम-थ्रीच्या मार्कशीटचा फोटो पाठवला फक्त. निळ्या टिका लगेच आल्या. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं.

"हे तुझं आहे??"

"हो."

"आत्याला माहितीये?"

"नाही. सांगू नकोस."

मग हसणाऱ्या इमोजींची एक रांग, आणि त्याखाली वहीच्या पानाचा फोटो. बहुपदीचे अवयव, तीनदा खोडलेले.