बस कुठे आहे ते कळलं, पण येणार कधी?

सिटीलिंकचं ॲप मोबाइलवर असेल तर बस नकाशावर सरकताना बघता येते. शहर वाहतूक एसटीकडे होती तेव्हा निमाणी स्टँडवर खिडकीत डोकं घालून "नाशिकरोडची गेली का हो?" असं विचारणं, एवढीच थेट माहितीची सोय होती. त्या मानाने ही मोठी गोष्ट आहे, आणि मी तिची खिल्ली उडवायला बसलेले नाही. पण माझ्या पीएचडीचा विषयच मुळी 'वाट बघणं' हा आहे, आणि त्यावरचे पेपर वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. 'प्रवाशांना थेट माहिती दिली' हे वाक्य आपल्याकडच्या महापालिका फार स्वस्तात उच्चारतात. जीपीएस बसवलं, ठिपका दिसला, झालं. आजची पोस्ट त्या 'झालं'बद्दल आहे.

आधी थोडं तंत्र. बसची माहिती ॲपपर्यंत पोचवण्यासाठी जगभर जो साचा वापरतात त्याचं नाव जीटीएफएस-रिअलटाइम. गूगलने तो २०११ मध्ये आणला. त्यात तीन प्रकारचे निरोप असतात. एक, गाडी आत्ता कुठे आहे. दोन, ही फेरी पुढच्या थांब्यांवर किती वाजता पोचेल, किंवा फेरी रद्दच झाली आहे का. तीन, सर्वसाधारण सूचना, म्हणजे रस्ता बंद, थांबा हलवला वगैरे. नकाशावरचा ठिपका हा यातला फक्त पहिला निरोप. तो सगळ्यात सोपा, कारण तो यंत्र आपोआप पाठवतं. शिवाय १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत असं यंत्र केंद्राच्या नियमानेच बंधनकारक आहे. तो नियम सुरक्षिततेसाठी आला, वेळ कळवण्यासाठी नाही.

दुसरा निरोप अवघड. शालिमारला दिसणारी बस नाशिकरोडला किती वाजता पोचेल हे सांगायचं तर द्वारका चौकात आत्ता काय चाललंय ते माहीत हवं, आणि मागचे कित्येक महिने सकाळी साडेनऊला तिथे किती वेळ जातो याची नोंद हवी. नाहीतर ॲप "६ मिनिटं" म्हणतं आणि ती ६ मिनिटं सव्वा तासाच्या लोडशेडिंगसारखी लांबत जातात. गूगल मॅप्सने २०१९ मध्ये पुणे-मुंबईसह देशातल्या दहा शहरांत बसचा उशीर दाखवायला सुरुवात केली तेव्हा तर बसचा ठावठिकाणाच त्यात नव्हता. वेळापत्रक घ्यायचं आणि रस्त्यावरच्या वाहतुकीवरून अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत होती. स्क्रीनवर मात्र आकडा तितकाच ठाम दिसतो. मोजलेला आकडा कुठला आणि अंदाजाचा कुठला, हे प्रवाशाला कळत नाही.

आणि 'फेरी रद्द' हा निरोप तर मशीन पाठवूच शकत नाही. डेपोतून बस निघालीच नाही तर जीपीएस काय सांगणार? ती तपोवनच्या आगारात उभी आहे, एवढंच. ती तिथेच उभी राहणार आहे हे माणसाने नोंदवावं लागतं. सिटीलिंकच्या पहिल्या तीनेक वर्षांत वाहकांनी थकीत पगारासाठी पुन्हापुन्हा काम बंद केलं, हे नाशिककरांना सांगायला नको. वाहक एका एजन्सीचे, बस दुसऱ्या ऑपरेटरच्या, आणि या सगळ्यांवर महापालिकेची कंपनी, नाशिक महानगर परिवहन महामंडळ. अशा व्यवस्थेत सकाळी सहा वाजता "आज ही फेरी नाही" हे प्रणालीत कोणी टाकायचं? मला हा प्रश्न ॲपच्या रंगरूपापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. न येणाऱ्या बसची वाट बघणं हे उशिरा येणाऱ्या बसपेक्षा वाईट, कारण त्यात रिक्षा करायचा निर्णयही वेळेवर घेता येत नाही.

थेट माहितीचा फायदा होतो का? होतो. सिएटलमध्ये 'वनबसअवे' या ॲपचा अभ्यास २०११ मध्ये आला (वॉटकिन्स आणि सहकारी). ॲप वापरणाऱ्यांनी आपलं नेहमीचं थांबणं सरासरी साडेसात मिनिटं सांगितलं, न वापरणाऱ्यांनी जवळपास दहा. प्रत्यक्ष मोजलेला वेळही सुमारे दोन मिनिटांनी कमी निघाला, कारण लोक घरून उशिरा निघू लागले. न्यूयॉर्कचा २०१५ चा अभ्यास (ब्रेकवुड, मॅकफार्लेन, वॉटकिन्स) मला जास्त आवडतो. तिथे ही सेवा एकेका भागात टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे 'सुरू झालेले मार्ग' आणि 'अजून न झालेले मार्ग' यांची तुलना करता आली. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत प्रवासी १.७ टक्क्यांनी वाढले. हो, एवढेच. आपल्याकडच्या सादरीकरणांत 'ॲपमुळे प्रवासी वाढतील' असं वाक्य आलं की मला हा १.७ आठवतो. माहितीने वाट बघणं सुसह्य होतं. बस वाढत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. त्यासाठी थोडं गणित लागेल, पण सातवीच्या पुढचं नाही.

समजा एका मार्गावर तासाला चार बस आहेत. त्या अगदी दर १५ मिनिटांनी आल्या, तर वेळ न बघता थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. आता बस तेवढ्याच, पण अंतर एकदा ५ मिनिटं, एकदा २५, पुन्हा ५, पुन्हा २५. पटकन वाटतं, सरासरी तीच की! नाही. दर ३० मिनिटांत येणाऱ्या ३० माणसांपैकी २५ जण त्या लांब फटीत येतात आणि सरासरी साडेबारा मिनिटं थांबतात; छोट्या फटीतले ५ जण अडीच मिनिटं. सगळ्यांची सरासरी काढली तर १० मिनिटं ५० सेकंद. आणि दोन-दोन बस जोडीनेच आल्या, तर १५ मिनिटं. थेट दुप्पट.

तिन्ही उदाहरणांत बस तेवढ्याच, डिझेल-सीएनजी तेवढंच, आणि धावलेले किलोमीटरही तेवढेच.

हे किलोमीटर महत्त्वाचे आहेत. ८ जुलै २०२१ ला सेवा सुरू झाली ती 'ग्रॉस कॉस्ट' कंत्राटावर. म्हणजे तिकिटाचे पैसे महामंडळाचे, ऑपरेटरला मोबदला किलोमीटरप्रमाणे, आणि तूट महापालिका भरते. यात वाईट काही नाही. जिथे प्रवासी कमी तिथेही बस जावी म्हणून हीच पद्धत बरी. पण पैसे किलोमीटरवर द्यायचे तर मोजलेही किलोमीटरच जातात. बस किती धावली याचा हिशेब त्याच जीपीएसमधून निघतो ज्यातून आपल्याला ठिपका दिसतो. एकाच नोंदीचे दोन उपयोग: एक बिलासाठी, एक प्रवाशासाठी. बिलात चूक झाली तर कोणीतरी लगेच भांडतं. प्रवाशाच्या बाजूने भांडणारं कोणी नाही, कारण त्याची सरासरी वाट किती होती हा आकडा कोणत्याच बिलात येत नाही.

लंडनने तो आकडा बिलात आणला. तिथेही बस खासगी कंपन्या चालवतात आणि तिकिटाचे पैसे सरकारी यंत्रणेकडे जातात, म्हणजे रचना आपल्यासारखीच. २००१ पासूनच्या तिथल्या कंत्राटांत वारंवार धावणाऱ्या मार्गांसाठी 'जादा वाट' मोजतात: बस ठरल्याप्रमाणे आल्या असत्या तर किती थांबावं लागलं असतं आणि प्रत्यक्षात किती थांबावं लागलं, यातला फरक. फरक कमी ठेवला तर बोनस, वाढला तर कपात. लंडनच्या थांब्यांवरचे "२ मिनिटं" दाखवणारे फलक सगळ्यांना माहीत असतात (ते १९९२ पासूनचे), पण त्या आकड्याला जबाबदार कोण हे ठरवणारी ही तरतूद फारशी कोणी सांगत नाही.

फलकांवरून आठवलं. हेगमध्ये ट्रामच्या थांब्यांवर असे फलक लावल्यावर वाट बघण्याचा 'वाटणारा' वेळ सुमारे २० टक्क्यांनी घटला होता. फलकाला ना स्मार्टफोन लागतो, ना डेटा, ना ॲप अपडेट. सातपूर-अंबडच्या शिफ्टला जाणारे, सीबीएसवर उतरून सिव्हिलला जाणाऱ्या आजी, त्र्यंबकला निघालेले बाहेरगावचे लोक, यांच्यासाठी ॲप हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे. फलक महाग पडतात, बंद पडतात, फुटतात, सगळं मान्य. मग निदान मोठ्या थांब्यांवर लावा. शंभर ठिकाणी मेलेले पडदे लावण्यापेक्षा दहा ठिकाणी चालणारे बरे.

पण फलकापेक्षाही मला आधी हवाय तो जुना डेटा. बस थांब्यावर किती वाजता आली याची मार्गनिहाय, महिनावार नोंद सगळ्यांना उतरवून घेता यावी. दिल्लीच्या परिवहन विभागाने आयआयआयटी-दिल्लीबरोबर २०१८ मध्ये बसचा डेटा खुला केला, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. असा डेटा हातात आला तर वरचं सातवीचं गणित कोणीही करू शकेल: इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पत्रकार, सिडकोतलं एखादं ज्येष्ठ नागरिक मंडळ. मग "बस वेळेवर येत नाही" ही तक्रार "या मार्गावर संध्याकाळी ठरल्यापेक्षा इतकी मिनिटं जास्त थांबावं लागतं" अशी लिहिता येईल.

सिंहस्थ तोंडावर आहे. ध्वजारोहण २०२६ च्या ऑक्टोबरअखेर, अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या काळात रस्ते बंद होतील, थांबे हलतील, मार्ग वळवले जातील. म्हणजे वर म्हटलेला तिसरा निरोप, जो आपण एरवी विसरलेलोच असतो, तो रोज दहा वेळा पाठवावा लागेल. वेळापत्रकावरून काढलेला अंदाज त्या दिवशी सपशेल चुकणार. ठिपका दिसेल, पण बस ज्या थांब्यावरून जाणार तो थांबा तिथे नसेल. ही कामं नवीन ॲपने होत नाहीत. त्यासाठी नियंत्रण कक्षात पाळीवर बसलेली दोन-तीन माणसं लागतात, ज्यांना फेरी रद्द म्हणून नोंदवण्याचा अधिकार आहे आणि तसं केल्याबद्दल कोणी ओरडणार नाही याची खात्री आहे.

पुढच्या पोस्टमध्ये त्र्यंबकेश्वर मार्गाबद्दल. जिथे बस कमी वारंवार येते तिथे 'जादा वाट' हे माप चालत नाही, वेळापत्रकच पाळावं लागतं, आणि तिथलं गणित वेगळं आहे.