टिळकांचा अपरिग्रह व ‘स्मृतिचित्रे’

ऐहिक संपत्तीहून आत्मिक धन श्रेष्ठ, ही ख्रिस्ती शिकवण नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आचरणात आणली. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी संन्यास घेतला. त्यांच्या भक्तिकाव्यात समर्पणाचा आनंद आहे. त्याचा संसारातील हिशेब मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) आढळतो. दात्याचा हात मोकळा सुटला की ओढाताण गृहिणीच्या वाट्यास येते, हे तेथे विनोदाच्या आश्रयाने प्रकटते. आरंभीच्या विरोधानंतर १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई ही शिकवण नाकारीत नाहीत. तिचे मोल कोणी दिले, ते दाखवितात. म्हणून टिळकांच्या अपरिग्रहाची मीमांसा करताना त्यांच्या काव्याइतकीच या गद्याची साक्ष विचारात घेणे अगत्याचे आहे.