पाहिलेले, ऐकलेले व अपेक्षिलेले : चित्रपटशौकिनाच्या अभिप्रायाचे व्याकरण

चित्रपटगृहातून बाहेर पडता पडता शौकीन प्रेक्षक जे बोलतो त्याला समीक्षेच्या प्रांतात सहसा प्रवेश मिळत नाही. ‘बरा होता’, ‘मध्यंतरानंतर रेंगाळतो’, ‘ट्रेलर तर भारी वाटतोय’ अशी ही तुटक वाक्ये असतात. त्यांत युक्तिवाद नसतो, परिभाषा नसते, आणि आज एक बोलून उद्या दुसरे बोलण्याची मुभाही असते. हा आक्षेप खोटा नव्हे. तथापि ह्या वाक्यांतील क्रियारूपांकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. आपण काय प्रत्यक्ष पाहिले, काय दुसऱ्याकडून ऐकले आणि कशाचा नुसता अंदाज बांधला, ह्यांतील भेद शौकिनाचे मराठी बरेच कसोशीने पाळते. तो भेद जेथे सुटतो तेथे चित्रपटावर अन्याय होतो. मग तो सोडणारा शौकीन असो वा समीक्षक.

प्रथम पाहिलेल्या चित्रपटाविषयीची वाक्ये घ्यावीत. ‘मला चित्रपट आवडला’, ‘मला गाणी आवडली’ ह्या वाक्यांत क्रियापद चित्रपटाच्या व गाण्यांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते; बोलणारा चतुर्थीत बाजूस उभा असतो. आवड ही त्याने केलेली कृती नसून त्याला आलेला अनुभव आहे, असे वाक्याची रचनाच सांगते. म्हणून अशा वाक्याशी वाद घालता येत नाही. ‘तुला आवडला नाही’ असे कोणी कोणाला ठणकावून सांगत नाही. परंतु तोच शौकीन पुढच्याच वाक्यात ‘मध्यंतरानंतर रेंगाळतो’ म्हणतो, तेव्हा दोन गोष्टी बदलतात. भूतकाळ जाऊन रीतिवर्तमान येतो आणि ‘मला’ गळून पडते. आता विधान त्या एका खेळाविषयी व त्या एका प्रेक्षकाविषयी राहत नाही. जो कोणी जाऊन बसेल त्याला तेथे रेंगाळणे आढळेल, असा दावा त्यात आहे. दाव्याला प्रतिदावा संभवतो. ‘छे, रेंगाळत नाही, तेथेच तर ती मुलगी कळू लागते’ असे शेजारचा म्हणू शकतो. ‘आवडला’पासून ‘रेंगाळतो’पर्यंतचे हे अंतर लहान दिसते, पण रुचीतून समीक्षा जन्मास येते ती ह्याच अंतरात.

न पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलताना हा अधिकार शौकीन स्वतःकडे घेत नाही. मित्राकडून कळले असेल तर ‘चांगला आहे म्हणे’ असे तो म्हणतो. ‘म्हणे’ हे दोन अक्षरांचे अव्यय विधानाची जबाबदारी मूळ सांगणाऱ्याकडे परत पाठविते. केवळ ट्रेलर पाहिला असेल तर ‘वाटतोय’ येते, आणि त्यापुढे अंदाजाच्या पायऱ्या लागतात. ‘चांगला असेल’ हा मोकळा तर्क. ‘चांगला असावा’ ह्यात हाती काही पुरावा असल्याची सूचना, उदाहरणार्थ दिग्दर्शकाचे आधीचे काम. ‘चांगलाच असणार’ ह्यात जवळजवळ खात्री. बोलताना ह्या रूपांची सरमिसळ होते हे खरे. परंतु केवळ ट्रेलर पाहून ‘मध्यंतरानंतर रेंगाळतो’ असे म्हणणाऱ्यास ऐकणारा लगेच विचारील, ‘तू पाहिलास कधी?’ ह्या प्रश्नातच तो नियम उघड होतो.

ट्रेलर ह्या वस्तूचे स्वरूपही येथे पाहिले पाहिजे. आरंभी ही चित्रफीत मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून तिला मागून ओढत येणाऱ्या वस्तूचे नाव मिळाले. पुढे ती चित्रपटाच्या आधी आली तरी नाव तेच राहिले. मराठीत तिला ‘झलक’ असेही म्हणतात, आणि हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. कारण झलक पूर्ण दर्शनाचा दावा करीत नाही. चित्रपटाआधी त्याचे आश्वासन पोहोचविण्याची प्रथा मात्र ट्रेलरची वाट पाहत थांबली नव्हती. दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ निमंत्रितांसाठी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात 21 एप्रिल 1913 रोजी झाला आणि सार्वजनिक खेळ कॉरोनेशनमध्ये 3 मे रोजी लागला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पावलाला ‘पाहिला’ म्हणणारे थोडे आणि ‘चांगला आहे म्हणे’ म्हणणारे पुष्कळ, अशी स्थिती काही दिवस असलीच पाहिजे.

आश्वासन आणि कृती ह्यांतील अंतर किती असू शकते ह्याचे ठळक उदाहरण नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ हा चित्रपट होय. तो 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल ह्यांची गाणी त्याआधीच घरोघर वाजू लागली होती, आणि त्यांवरून बांधलेला अंदाज प्रेमकथेचा, नाचण्याबागडण्याचा होता. चित्रपटाचा पूर्वार्ध हा अंदाज पाळतो. शेवटी मात्र ध्वनी थांबतो आणि रक्ताने माखलेली लहान पावले उमटवीत एक मूल घराबाहेर चालत जाते. हा चित्रपट पाहून आलेल्यांच्या तोंडी जो शब्द वारंवार आला तो ‘सुन्न झालो’ हा. येथे चित्रपटाला लावलेले विशेषण नाही, चित्रपटाचे नावही नाही. कर्ता प्रेक्षक स्वतः आहे आणि क्रिया त्याच्या देहावर घडलेली आहे. शिवाय ऐकू न येण्याच्या त्या प्रसंगाला हा शब्द नेमका जुळतो. गाण्यांच्या भरवशावर ‘धमाल असणार’ म्हणणारा आणि पाहून ‘सुन्न झालो’ म्हणणारा शौकीन एकच असू शकतो, आणि त्यात विसंगती नाही. पहिले वाक्य आश्वासनाविषयी होते, दुसरे कृतीविषयी.

अडचण निर्माण होते ती ही दोन वाक्ये एकाच काळात बोलली जातात तेव्हा. निश्चित वाटणाऱ्या भविष्यासाठी भूतकाळ वापरण्याची सोय मराठीत आहे. दारात उभा माणूस ‘हा आलो’ म्हणतो. तो अजून आलेला नसतो. ह्याच सोयीने ट्रेलर पाहून ‘हा पडला म्हणून समजा’ असे म्हटले जाते. जोपर्यंत ‘म्हणून समजा’ हे शब्द आहेत तोपर्यंत भाकीत भाकीतच राहते. ते गळले की ‘पडला’ एवढेच उरते, आणि ऐकणाऱ्याला ती घडलेली घटना वाटते. मोठ्या चित्रपटाला ह्याचा धक्का फारसा जाणवत नाही. ज्या चित्रपटाला थोडे खेळ मिळतात आणि पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर पुढचा आठवडा ठरतो, त्याच्याबाबत मात्र न पाहताच उच्चारलेला भूतकाळ स्वतःला खरा करून दाखवू शकतो. मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळचे खेळ मिळावेत हा वाद 2015 साली राज्य शासनापर्यंत गेला होता, हे ह्या संदर्भात विसरता येत नाही.

शौकिनाच्या ह्या बोलीला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. ओळख पटणे हाच गुण मानण्याकडे तिचा कल असतो. केदार शिंदे ह्यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला 2023 साली बायकांचे घोळके एकत्र जात होते. ‘ह्या तर आमच्यासारख्याच’ अशा प्रतिसादाने चित्रपट स्वीकारला गेला हे कळते. तो कसा घडविला आहे हे त्यावरून कळत नाही. उलट चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’विषयी ‘संथ आहे’ एवढ्यावर बोलणे थांबते. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट संथ आहेच. निरीक्षण बिनचूक आहे. परंतु त्यातील वृद्ध लोकशाहिरावरचा खटला तारखांमागून तारखा खात पुढे सरकतो आणि स्थिर कॅमेरा ती दिरंगाई प्रेक्षकाच्या पदरात घालतो. शेवटाकडे न्यायालयाचे दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो. संपला असे वाटत असतानाच सुटीवर गेलेले न्यायाधीश समोर येतात. ‘संथ’ ह्या शब्दापासून येथवर पोहोचणे हे समीक्षकाचे काम. पण प्रारंभबिंदू म्हणून तो शब्द त्याला शौकिनाकडूनच घ्यावा लागतो.

आणि येथे प्रश्न समीक्षेच्या स्वतःच्या भाषेकडे वळतो. ‘हा चित्रपट प्रेक्षकांना अंतर्मुख करतो’, ‘ह्या कलाकृतीला महत्त्वपूर्ण मानले जाते’ ही वाक्ये विद्यापीठीय लेखनात पावलोपावली भेटतात. हे प्रेक्षक कोणते? कोण मानते? लिहिणाऱ्याने चित्रपट पाहिला, की त्याच्याविषयी वाचले? ‘मानले जाते’ ह्या कर्मणी रचनेत ‘म्हणे’चा प्रामाणिकपणा नाही. ‘म्हणे’ आपण ऐकीव बोलत असल्याचे कबूल करते. ‘मानले जाते’ ऐकीव गोष्टीला शास्त्राचा पोशाख चढविते. ‘अंतर्मुख करतो’ ह्या रीतिवर्तमानामागे ‘मी अंतर्मुख झालो’ असा एखादा तरी भूतकाळ असावयास हवा. शौकिनाच्या ‘रेंगाळतो’मागे तो बहुधा असतो, तिकीट काढून तो तेथे बसलेला असतो.

म्हणून चित्रपटविषयक संशोधनात शौकिनांचे अभिप्राय नमुन्यादाखल गोळा करताना त्यांतील विशेषणेच तेवढी मोजणे पुरेसे होणार नाही. ‘भारी’ किती वेळा आले ह्यापेक्षा ते ‘होता’बरोबर आले, ‘वाटतोय’बरोबर आले की ‘म्हणे’बरोबर, ही नोंद अधिक बोलकी ठरेल. प्रदर्शनापूर्वीचे आणि नंतरचे अभिप्राय वेगळे ठेवावेत. एकाच व्यक्तीचे दोन्ही मिळाल्यास ते शेजारी ठेवावेत. आश्वासन आणि कृती ह्यांतील अंतर त्यांतून मोजता येईल. आणि हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रबंधातील क्रियापदांनाही तीच कसोटी लावून पाहिली, तर जी विधाने ‘म्हणे’ जोडल्याशिवाय उभी राहत नाहीत ती त्याची त्यालाच सापडतील.