माफीच्या साक्षीदाराची कादंबरी

भिलाईतून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड नागपूर व रायपूर यांना जोडतो. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. येथून वायव्येस असलेल्या जबलपुरात विल्यम स्लीमन याने वाटसरूंचा विश्वास संपादून त्यांचा गळा आवळणाऱ्या ठगांचा शोध चालविला. त्या शोधाने कादंबरीला काय दिले, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

स्लीमनची अडचण उघड होती. मारलेल्यांना ठग पुरून टाकीत. फिर्यादीस कोणी उरत नसे. म्हणून पकडलेल्यांपैकी काहींना त्याने जीवदान देऊन माफीचे साक्षीदार केले, त्यांच्या सांगण्यावरून प्रेते उकरली, टोळ्यांच्या वंशावळी मांडल्या. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरविला. ज्याने मारले त्यानेच सांगावे, अशी ही तपासाची रीत होती.

निजामाच्या सैन्यातील अधिकारी व पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिलेला मेडोज टेलर याने १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीत हीच रीत रचना म्हणून स्वीकारली. अमीर अली बोलतो, साहेब ऐकतो, आणि वाचक नकळत साहेबाच्या खुर्चीत बसतो. निवेदनाची ही पकड विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु तिची किंमत वाटसरू देतो. रुमाल आवळला गेला की त्याची कथा संपते. मारेकऱ्याची मात्र पुढे चालते. अमीर अलीच्या हातून अजाणता सख्ख्या बहिणीची हत्या होते, तेव्हाही तो प्रसंग तिच्या मरणाचा न राहता त्याच्या शिक्षेचा होतो. ही उणीव केवळ टेलरच्या प्रतिभेची नव्हे. ती साक्षीच्या स्वरूपातच आहे.

ठगी हे इंग्रजी राजवटीचेच कुभांड होते, असेही काहींनी म्हटले. किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात त्याच जबान्या सावधपणे वाचून तो पक्ष अपुरा ठरविला. समीक्षकानेही तसेच वाचावयास हवे. जबानी खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही. ती जगण्याच्या मोबदल्यात दिली गेली आहे, आणि जिच्याविषयी ती आहे त्या व्यक्तीला उलट बोलता येत नाही, हे विसरता कामा नये. हमरस्त्यावरील हत्यांची कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाची कसोटी हीच: त्याच्या पानांत वाटसरू मुक्कामाच्या किती जवळ पोहोचतो?