'अस्खलित' कुणाला म्हणायचं? : ऑलिव्हर सॅक्स यांच्या 'सीइंग व्हॉइसेस'विषयी

सुरुवात एका कबुलीनं करतो. माझ्या कानात आता यंत्र आहे. मागच्या रांगेतून प्रश्न आला तर तो दोनदा विचारावा लागेल, राग मानू नका. पण म्हणून मला कुणी 'भाषा नसलेला माणूस' म्हणणार नाही. कारण मला भाषा आधी मिळाली, बहिरेपण मागून आलं. हा क्रम उलटा झाला तर काय होतं? मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९८९ साली 'सीइंग व्हॉइसेस' हे पुस्तक लिहिलं, त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

आधी आपल्या शब्दाकडे बघू. 'अस्खलित बोलतो' असं आपण म्हणतो. स्खलन म्हणजे घसरणं, ठेचकाळणं. अस्खलित म्हणजे न अडखळता जाणारा. या शब्दात जिभेचा उल्लेखच नाही! तो आपण मागाहून चिकटवला. 'मूकबधिर' या जोडशब्दानं तर कान बंद म्हणजे वाचा बंद, आणि वाचा बंद म्हणजे भाषा बंद, असं समीकरणच करून ठेवलंय. सॅक्स यांचं पुस्तक हे समीकरण मोडतं, हे त्याचं मोठेपण.

ते कसं मोडतं? वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकन खुणांच्या भाषेतला शब्द म्हणजे हवेत काढलेलं चित्र नव्हे. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल असे त्याचे घटक पाडता येतात. एक घटक बदलला की अर्थ बदलतो. आपल्याकडे 'काल' आणि 'गाल' यांत होतं, तसंच. त्या भाषेत 'देणं' ही क्रिया देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. 'हो की नाही' असा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. व्याकरण जागेत आणि चेहऱ्यावर आहे.

याहून भक्कम पुरावा मेंदूचा. उर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या बहिऱ्या माणसांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी काहींची खुणांची भाषा ढासळली होती, पण साधे हावभाव, मूकाभिनय शाबूत होता. म्हणजे हात चालतो, भाषा अडखळते. मंडळी, जी गोष्ट अडखळू शकते तीच अस्खलित असू शकते. हावभाव आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ कसं सांगणार?

आता माझी तक्रार. पुस्तकात जोसेफ नावाचा अकरा वर्षांचा मुलगा भेटतो. जन्मतः बहिरा, पण चौथ्या वर्षापर्यंत ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. खुणांची भाषाही त्याच्यापर्यंत आली नव्हती. सॅक्स सांगतात, की तो वस्तू ओळखायचा, त्यांचे गट पाडायचा. पण सुट्टीत काय केलंस, हा प्रश्न प्रश्न म्हणूनच त्याला कळत नव्हता. तो वर्तमानात अडकलेला आहे, असं त्यांना वाटलं.

पण पुढे तेच लिहितात, की या मुलाला शाळा सोडवत नसे. घरी जाणं म्हणजे पुन्हा शांततेत ढकललं जाणं. इथं मी थांबलो. घरी काय वाट्याला येणार आहे, हे ज्याला आधीच जाणवतं, त्याला काल नाही आणि उद्या नाही, असं कसं म्हणायचं? त्याच्यापाशी प्रश्न होता. प्रश्न मांडायचं रूप नव्हतं. सॅक्स यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे नोंदवलं, पण निष्कर्ष काढताना पाऊल जरा पुढे पडलं. भाषेअभावी विचार उपाशी राहतो हे मान्य. तो मुळी जन्मतच नाही, हे त्यांच्याच पुराव्यावरून सिद्ध होत नाही.

हा पंडिती काथ्याकूट नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे ज्या भाषेत मूल न अडखळता वाढलं असतं, ती बहुतेक घरांत नसतेच. १८८० साली मिलानच्या परिषदेनं बहिऱ्यांच्या शिक्षणात तोंडी बोलण्याला अग्रक्रम दिला. तिथं मत देणाऱ्यांत बहिरे जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुलं ओठ वाचत, उच्चार घोटत बसली. उच्चार सुधारला की मूल 'बोलतं झालं' म्हणायचं. पण त्याला भांडता येतं का, थापा मारता येतात का, 'का?' म्हणून बापाला भंडावून सोडता येतं का, हे कोण तपासणार? माझ्या मते अस्खलितपणाची खरी परीक्षा ती. यंत्र जरूर बसवा, बोलायला जरूर शिकवा. पण त्याचं फळ येईपर्यंत मुलाला भाषेविना ताटकळत ठेवू नका. ती वर्षं परत येत नाहीत.

पुस्तकाचा शेवटचा भाग मार्च १९८८ मधल्या गॅलॉडेटच्या आंदोलनाचा. विद्यापीठ बहिऱ्यांचं आणि अध्यक्ष पुन्हा ऐकणारीच, म्हणून विद्यार्थ्यांनी ते बंद पाडलं. आठवडाभरात किंग जॉर्डन हे पहिले बहिरे अध्यक्ष झाले. तेही एकविसाव्या वर्षी अपघातानं बहिरे झालेले, म्हणजे भाषा आधी, बहिरेपण मागून. आमच्याच रांगेतले!

बाबासाहेबांनी १९२० मध्ये पत्राला 'मूकनायक' नाव दिलं, तेव्हा ज्यांना त्यांनी मूक म्हटलं त्यांना जीभ नव्हती थोडीच? त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. गॅलॉडेटची मुलं हातांनी अस्खलित बोलत होती. अडखळत होतो ते आपण, ऐकणारे.

आता प्रश्न विचारा. जरा मोठ्यानं.