‘होप्लितेस’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्राचीन ग्रीकांच्या लष्करी जीवनाचे विवेचन बहुधा ‘होप्लितेस’ या भालाईत पायदळ सैनिकापासून सुरू होते, आणि त्याचे नाव ‘होप्लोन’ म्हणजे ढाल यावरून पडले, असे अनेक ग्रंथांत सांगितलेले आढळते. या व्युत्पत्तीवर मग सामाजिक सिद्धांताची इमारत चढते : ढाल शेजाऱ्याचेही रक्षण करते, म्हणून ती धारण करणारा शेतकरी हा समतेचा पुरस्कर्ता, आणि नगरराज्य म्हणजे त्याच्याच रांगेची प्रतिकृती. कल्पना मोहक आहे. पाया मात्र कच्चा आहे.

ग्रीकमध्ये ढालीचा रूढ शब्द ‘आस्पिस’ हा होय. ‘होप्ला’ या अनेकवचनाचा अर्थ आयुधे. त्यावरून साधलेला ‘होप्लितेस’ म्हणजे शस्त्रसज्ज मनुष्य. लेझन्बी आणि व्हाइटहेड यांनी १९९६ मध्ये हे साधार दाखविले. ढालीवरून नाव पडल्याचे सांगणारा डायोडोरस हा इ. स. पू. पहिल्या शतकातला, आणि त्याच्याही वाक्यात शब्द येतो तो ‘आस्पिस’ हाच. (मराठीत या सैनिकाला ‘ढालाईत’ म्हणण्याचा मोह म्हणूनच आवरलेला बरा.)

कालाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ‘होप्लितेस’ हा शब्द पिंडार व एस्किलस यांच्यापूर्वी, म्हणजे इ. स. पू. पाचव्या शतकापूर्वी, आढळत नाही. ‘फालांक्स’ होमरमध्ये बहुधा अनेकवचनी असून त्याचा अर्थ केवळ सैन्याच्या ओळी असा आहे. व्यूहाची संज्ञा म्हणून तो रुळतो झेनोफोनच्या लेखनात. सातव्या शतकातील स्पार्टाच्या टिर्टीयसच्या काव्यात तर हलक्या शस्त्रांचे योद्धे पूर्ण शस्त्रधाऱ्यांच्या निकट, ढालींच्या आडून दगड फेकतात. बंदिस्त, एकजिनसी व्यूहाचे चित्र त्यात बसत नाही.

व्हिक्टर हॅन्सन यांच्या ‘द वेस्टर्न वे ऑफ वॉर’ (१९८९) या ग्रंथाने रणांगणावरील धूळ, भार आणि भीती यांचा प्रत्यय दिला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु निर्णायक लढाई करणारा शेतकरी हाच ग्रीक युद्धाचा नायक ठरला की इतर सर्व जण पार्श्वभूमीत जातात. अथेन्सच्या एका युद्धनौकेवर १७० वल्हेकरी असत, होप्लितेस सुमारे १०.

इ. स. पू. ४७९ मधील प्लाटीआच्या लढाईसाठी हिरोडोटसने दिलेली गणती पाहावी : होप्लितेस ३८,७००, हलक्या शस्त्रांचे ६९,५००. त्यांपैकी ३५,००० हेलोत, म्हणजे स्पार्टाचे अंकित शेतकरी. प्रत्येक स्पार्टन नागरिकामागे सात. ते सर्व युद्धासाठी सज्ज होते, असे तो सांगतो. परंतु प्रत्यक्ष लढाईच्या वर्णनात त्यांचे काम जवळजवळ दिसत नाही. मात्र लढाईनंतर स्पार्टनांनी तीन थडगी खणली असे तोच नमूद करतो, आणि त्यांतील तिसरे हेलोतांचे होते.